कागदाचें माप आणि कडेचीं माणसें

आमच्या दिवाणखान्यांत १९८२ सालच्या एका लग्नाचें ८ × १० इंची छायाचित्र टांगलेलें आहे. त्याच्या उजव्या कडेला खुर्चीच्या पाठीवर टेकलेला एक हात दिसतो; त्या हाताची मालकीण मात्र दिसत नाहीं. ती माझी आत्या. चार दिवस सारें स्वयंपाकघर सांभाळणारी ही बाई चित्रांतून गळाली, याचा दोष आम्ही पुष्कळ वर्षें छायाचित्रकारास देत आलों. पुढें जुन्या पेटींत मूळ निगेटिव्ह सांपडली. तींत आत्या पायांपासून पदरापर्यंत सबंध उभी होती!

या प्रकाराचें मूळ शोधण्यास बरेंच मागें जावें लागतें. १८३९ सालीं दागेरनें आपली कृति जगापुढें मांडली, तेव्हां त्याच्या कॅमेऱ्यांत ६½ × ८½ इंचांचा, चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा बसे. तीच पुढें ‘फुल प्लेट’ झाली. ‘हाफ’ आणि ‘क्वार्टर’ हीं तिचींच लेकरें. काचेच्या निगेटिव्हचा काळ आला तरी काच कागदावर ठेवूनच चित्र छापीत. जेवढी काच तेवढें चित्र. कडा कापण्याची सक्ति कोणावर नव्हती. १८५४ सालीं पॅरिसच्या दिस्देरीनें एकाच काचेवर अनेक लहान चित्रें घेण्याचें पेटंट मिळविलें, आणि भेटकार्डाएवढें चित्र स्वस्त झालें. त्या इवल्याशा जागेंत बहुधा सबंध माणूस उभा केलेला असे, चेहरा हरभऱ्याएवढा! पुढच्या दशकांत मोठें ‘कॅबिनेट’ कार्ड आलें, तेव्हां चेहऱ्यास खरा वाव मिळाला.

खरी अडचण उपजली ती वेट्झलार येथें. लाइट्स कारखान्यांतील ऑस्कर बार्नाकनें सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, तिच्यावरील १८ × २४ ची चौकट दुप्पट केली, आणि २४ × ३६ चें माप सिद्ध झालें. १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत ‘लायका’ लोकांपुढें आला. निगेटिव्ह आतां इतकी लहान कीं चित्र मोठें करूनच छापावें लागे. आणि कागद मात्र काचेच्या अमदानींतलाच राहिला. येथें गणित आडवें येतें. आठ इंच उंची पुरी भरावयाची तर लांबी बारा इंच हवी. कागद दहाच इंच. दोन इंच, म्हणजे चित्राचा सहावा हिस्सा, कापला जातो. कांहीं न कापावें तर उंची पावणेसात इंचांहूनहि किंचित् कमी भरते आणि वरखालीं पांढरे पट्टे राहतात. पांढऱ्या पट्ट्यांना पैसे मोजण्यास कोणतें गिऱ्हाईक तयार होईल?

कार्तिए-ब्रेसाँसारखा कलावंत चौकट कापूं देत नसे. (तरी त्याचें १९३२ सालचें सँ-लाझार स्थानकामागील प्रसिद्ध चित्र कापलेलेंच आहे, कुंपणाच्या फळीनें एक बाजू अडविली होती.) लग्नघरच्या मंडळींना असा आग्रह कोठून सुचणार? शिवाय समूहचित्रांत वधूवर मध्यें आणि मानकरी त्यांच्या लगत. कडेला उभीं राहतात तीं कामांतून पदर पुसत धांवत आलेलीं माणसें. कात्री नेमकी त्यांच्यावरच चालते.

४ × ६ चें प्रिंट आलें तेव्हां हा तंटा मिटला, कारण त्याचें प्रमाण फिल्मचेंच होतें. आतां पुष्कळ मोबाइल ४:३ प्रमाणाचें चित्र घेतात. तें त्याच कागदावर भरून छापलें तर नववा हिस्सा जातो, पण तो वरखालचा.

गेल्या वर्षीं मीं त्या निगेटिव्हवरून ८ × १२ चें प्रिंट करून घेतलें. त्यांत आत्या सबंध आली आहे. पण तें जुन्या चौकटींत मावत नाहीं, आणि ती सागवानी चौकट बदलण्यास आमची आई अद्यापि राजी नाहीं.