झेंडावंदनाआधीची सकाळ

अमेरिकन नौदलाच्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवरून जिवंत परतलेल्यांतले शेवटचे गृहस्थ, लू काँटर, १ एप्रिल २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली गावी वारले. वय १०२. मृत्युलेखांनी त्यांच्या आयुष्यातली मुख्यतः एकच सकाळ सांगितली, ७ डिसेंबर १९४१ची, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला ती. ती सांगायलाच हवी. पण त्या सकाळी काँटर हा विशीतला पोरगा होता, आणि पहाटेपासून जे घडत होतं त्यातलं अक्षरही त्याच्या कानावर गेलं नव्हतं. घटनाक्रम आपण मागाहून जुळवतो. वेळा हवाई बेटांवरच्या आहेत.

शनिवार, रात्र
पर्ल हार्बरमध्ये जहाजांच्या बँडपथकांची स्पर्धा. ॲरिझोनाच्या बँडमधली मुलं ऐकायला गेली होती. जहाज फोर्ड बेटाला लागून उभं, शेजारी ‘व्हेस्टल’ ही दुरुस्तीनौका. दुसऱ्या दिवशी रविवार.

पहाटे ३.४२
पाणसुरुंग काढणाऱ्या ‘कॉन्डॉर’ला बंदराच्या तोंडाशी पेरिस्कोप दिसला. तिने दिव्याच्या खुणांनी ‘वॉर्ड’ या विनाशिकेला कळवलं. वॉर्डने शोधलं, काही सापडलं नाही. वर कोणाला कळवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

४.५८
कॉन्डॉरला आत घेण्यासाठी पाणबुडीविरोधी जाळ्याचं दार उघडलं. ते साडेआठनंतरच बंद झालं.

६.००
उत्तरेला २०० मैलांहून अधिक अंतरावर सहा जपानी विमानवाहू नौकांवरून १८३ विमानांची पहिली लाट उडाली.

६.४५
आता वॉर्डला छोटी पाणबुडी दिसलीच. कप्तान विल्यम आउटरब्रिजने तोफ डागायला लावली, पाठोपाठ पाणबॉम्ब टाकले. ६.५३ला त्याने किनाऱ्यावर संदेश धाडला : निषिद्ध क्षेत्रातल्या पाणबुडीवर हल्ला केला आहे. एवढं स्पष्ट लिहिल्यावर आणखी काय हवं होतं? पण त्या दिवसांत पाणबुडी दिसल्याच्या खोट्या खबरा वरचेवर येत. संदेश सांकेतिक लिपीतून उलगडण्यात, या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात, ‘खात्री करून घ्या’ म्हणण्यात पाऊण तास गेला. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल किमेल यांना फोन आला तेव्हा साडेसात उलटून गेले होते. ती पाणबुडी २००२ साली समुद्रतळाशी सापडली, वॉर्डच्या गोळ्याने पडलेल्या भोकासकट. आउटरब्रिज खरं बोलला होता.

७.०२
ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना इथे लॉकार्ड आणि एलियट हे दोघे शिपाई फिरत्या रडारवर होते. त्यांची पाळी सातला संपली होती, पण नाश्त्याला नेणारा ट्रक यायचा होता आणि एलियटला यंत्रावर हात बसवायचा होता. म्हणून यंत्र चालूच राहिलं. पडद्यावर सुमारे १३० मैलांवर विमानांचा एवढा मोठा ठसा उमटला की लॉकार्डला वाटलं, यंत्रच बिघडलं.

७.२०
ओपानाहून फोन रडारच्या खबरा गोळा करणाऱ्या माहिती केंद्रात गेला. तिथे लेफ्टनंट कर्मिट टायलर एकटाच अधिकारी. हा लढाऊ वैमानिक, या कामाचं शिक्षण जवळजवळ शून्य. कॅलिफोर्नियाहून आपली बी-१७ बाँबफेकी विमानं त्या सकाळी यायची होती, आणि ती खरोखरच वाटेत होती. काळजी करू नका, असं त्याने सांगितलं. पुढे हे वाक्य त्याला आयुष्यभर चिकटलं. मला त्याच्यापेक्षा त्याला तिथे नुसता बसवणाऱ्यांचा राग येतो.

७.३३
वॉशिंग्टनहून लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचा सावधगिरीचा इशारा होनोलुलूत पोचला. लष्कराचा रेडिओ चालेना, म्हणून तो साध्या व्यापारी तारेने आला. पाकिटावर ‘तातडीचे’ अशी खूण नव्हती.

७.५५
काँटर ॲरिझोनाच्या मागच्या डेकवर पाळीवर होता. हुद्दा क्वार्टरमास्टर, सुकाणू, दिशा आणि वेळेच्या नोंदी हे त्याचं काम. आठला झेंडावंदन. पहिली विमानं आली. शेजारच्या ‘नेव्हाडा’वर बँडने राष्ट्रगीत सुरू केलं होतं, गोळ्या सुटत असताना वादकांनी ते पुरं केलं आणि मगच ते पळाले.

८.०६, काही नोंदींत ८.१०
युद्धनौकेच्या तोफगोळ्यापासून बनवलेला ८०० किलोंचा बाँब पुढच्या भागात डेक फोडून खाली शिरला. दारूगोळ्याचं कोठार उडालं. प्रचंड जहाज पाण्यातून वर उचललं गेलं आणि खाली बसलं, असं काँटर सांगत. जहाजावर असलेले ॲडमिरल किड आणि जहाजाचे कप्तान व्हॅन व्हॅल्केनबर्ग तिथेच गेले. बँडमधला एकही वाचला नाही. मृत १,१७७ : त्या दिवशी मेलेल्या एकूण अमेरिकनांपैकी जवळपास निम्मे.

जळालेली, आंधळी झालेली माणसं धुरातून मागे धावत येत होती आणि पेटत्या तेलाच्या पाण्यात उडी मारू पाहत होती. काँटर आणि इतरांनी त्यांना पकडून, प्रसंगी पाडून, डेकवर झोपवलं. सगळ्यात वरिष्ठ जिवंत अधिकारी सॅम्युअल फुक्वा होता. त्याच्या आज्ञेवर उरलेले जहाज सोडून उतरले.

११.४५
मार्शल यांची तार लष्कराच्या कचेरीत पोचली. ती मोटारसायकलवरून आणणारा तादाओ फुचिकामी हा जपानी वंशाचा तरुण होता. वाटेत तो नाकेबंदीत अडकला होता.

घटनाक्रम इथे थांबतो. माणूस थांबला नाही. काँटर पुढच्याच वर्षी वैमानिक झाले. रात्री उडणाऱ्या, काळ्या रंगाच्या कॅटलिना विमानांवर त्यांनी मोहिमा केल्या. सप्टेंबर १९४३मध्ये न्यू गिनीजवळ विमान समुद्रात पडलं, भोवती शार्क घिरट्या घालू लागले. घाबरून पाय झाडू नका, एकमेकांचे हात धरा, सावकाश हलत राहा, असं ते सोबत्यांना सांगत राहिले, किनारा गाठला. पुढे कोरियाचं युद्ध. मग शत्रूच्या हद्दीत सापडलेल्या वैमानिकांनी तगून कसं राहायचं, छळ कसा सोसायचा, याचं नौदलाचं प्रशिक्षण उभं करणाऱ्यांत ते होते. १९६७ला निवृत्ती. पर्ल हार्बरच्या स्मृतिदिनाला जमेल तोवर जात राहिले. कोणी वीर म्हटलं की अडवायचे : वीर ते, जे घरी परतले नाहीत.

ॲरिझोनावरून वाचलेल्यांना मरणानंतर अस्थी त्याच बुडालेल्या जहाजात ठेवून घेण्याचा हक्क होता, आणि चाळीसहून अधिक जणांनी तो बजावला. काँटरांनी नको म्हटलं. ग्रास व्हॅलीत, बायकोच्या शेजारी जागा त्यांनी आधीच ठरवली होती.