राहायचं कुठे? मराठी विद्यार्थ्याच्या खोलीचा इतिहास

आजचा विषय ऐकल्यावर काही जणांना वाटलं असेल की यात इतिहास तो काय? दरवर्षी जून-जुलै उजाडला की पुण्यात, संभाजीनगरात, नागपुरात हजारो मुलं-मुली हातात पिशवी घेऊन फिरत असतात. वसतिगृहाची यादी लागली का? नाही लागली तर कॉट बेसिसवर कुठे मिळेल? मेस जवळ आहे का? घरमालक काय काय विचारतो? हे सगळं आपल्या इतकं सवयीचं झालंय की त्याला काही भूतकाळ असेल असं वाटतच नाही.

पण शिक्षणाचा इतिहास आपण बहुतेक वेळा शाळा-कॉलेजांच्या स्थापनेवरून सांगतो. अमुक साली शाळा निघाली, तमुक साली विद्यापीठ झालं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. ठीक. पण कॉलेजचं दार उघडलं म्हणजे खेड्यातला पोरगा आत गेला असं होत नाही. त्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते, दोन वेळचं जेवण लागतं. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं : महाराष्ट्रात कोण शिकलं आणि कोण शिकलं नाही, हे कॉलेजच्या दारात जितकं ठरलं, तितकंच ते खोलीच्या दारात ठरलं.

खोलीच्या आधी जेवण

एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न जेवणाचा होता. शहरात नातेवाईक असेल तर त्याच्याकडे राहायचं, घरातली पडेल ती कामं करायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास. नातेवाईक नसेल तर वार लावून जेवायचं. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरं गाठायची. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. तेही जमलं नाही तर माधुकरी. झोपायला देवळाची ओवरी नाहीतर कुणाच्या वाड्यातली पडवी.

या व्यवस्थेचं कौतुक आपण खूप ऐकलंय. त्यात कष्ट होते, हे खरंच. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. अशा गरीब मुलांसाठी ते मोठं काम होतं. पण एक गोष्ट बघा. वार लावायचा तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरापर्यंत तुमचा शिरकाव हवा. माधुकरी मागायची तर ती मागण्याचा अधिकार समाजाने तुम्हाला दिलेला हवा. ब्राह्मण मुलगा कितीही गरीब असला तरी त्याला हा रस्ता मोकळा होता. कुणब्याच्या मुलाला तो नव्हता. महार-मांग-चांभाराच्या मुलाला तर ओवरीसुद्धा नव्हती. तेव्हा गरिबी सगळ्यांची सारखी नव्हती, बरं का.

कॉलेजांची स्वतःची वसतिगृहं होती. पुण्याचं डेक्कन कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेलं आणि तिथे मुलांना राहायची सोय होती. टिळक आणि आगरकर यांची मैत्री त्या कॉलेजातली. शाळा काढायची, सरकारी नोकरी धरायची नाही, या त्यांच्या गप्पा तिथल्याच, आणि १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. खोलीचं महत्त्व असं असतं. वर्गात विषय कळतो, पण रात्री दिवा मालवल्यावर जे बोलणं चालतं त्यातून माणसं घडतात. ज्यांना ती खोलीच मिळाली नाही, ते या बोलण्यालाही मुकले.

कोल्हापूरचा हिशेब

आता कोल्हापूरकडे येऊ. शाहू महाराजांच्या हाती १८९४ साली कारभार आला. राज्यात नोकऱ्या आहेत, पण त्यासाठी शिकलेली बहुजन मुलं नाहीत, हे त्यांना दिसलं. सगळ्यांसाठी खुलं असं एक वसतिगृह आधी काढून पाहिलं होतं. झालं काय, तर ते खुलं राहिलं कागदावर. व्यवस्था ज्यांच्या हातात, पंगत ज्यांच्या सोयीची, त्यांचीच मुलं तिथे टिकली. पाटी ‘सर्वांसाठी’ची आणि आत एकाच जातीची मुलं.

यावर महाराजांनी जो उपाय काढला तो आज ऐकताना खटकतो. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती असं करत ही संख्या विसाच्या घरात गेली. म्हणून कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात.

यातली रीत समजून घ्या. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. पण प्रत्येक समाजाला सांगितलं की बाकीचा पैसा तुम्ही उभा करा, कारभारही तुम्ही बघा. त्यामुळे गावोगावच्या लोकांना पहिल्यांदाच वाटलं की शहरात आपलं म्हणून एक घर आहे. ज्या बापाने मुलाला ‘परक्या’ शहरात कधी धाडलं नसतं, तो आता धाडू लागला. जेवण ओळखीचं, माणसं ओळखीची, आणि खर्च पेलण्यासारखा.

आणि आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. पहिलं बोर्डिंग १९०१ चं. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. राखीव जागांबद्दल आपण खूप बोलतो, बोर्डिंगबद्दल कमी. पण जागा राखून ठेवल्या आणि त्या भरायला शिकलेली पोरंच नसतील तर त्या हुकमाचा उपयोग काय? जाहीरनामा आणि वसतिगृह ही एकाच गाडीची दोन चाकं होती.

बोर्डिंग सोडलेला मुलगा

याच कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हा गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं की विटाळ झालाय, अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावं लागलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे शाहू महाराजांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं.

जातवार बोर्डिंगची ताकद आणि मर्यादा दोन्ही या प्रसंगात दिसतात. बोर्डिंग नसतं तर कुंभोजचा हा मुलगा कोल्हापुरात टिकला असता का, हा प्रश्नच आहे. आणि बोर्डिंग होतं म्हणूनच त्याला कळलं की आपल्याच लोकांचं घरसुद्धा अट घालतं.

त्या मुलाने पुढे काय केलं हे तुम्हाला माहीत आहे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली, स्वयंपाक आणि झाडलोट आळीपाळीने केली. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं गेलं. म्हणजे जातवार बोर्डिंग काढणाऱ्या राजाचं नाव जात न पाहणाऱ्या बोर्डिंगला. मला यात विरोध दिसत नाही. पहिली पायरी होती म्हणून दुसरीवर पाय ठेवता आला.

इथे लक्ष्मीबाई पाटलांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलांच्या पोटासाठी या बाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. वसतिगृहाचा इतिहास लिहिताना संस्थापकाचा फोटो छापला जातो. धान्य कुठून आलं आणि भाकरी कुणी थापल्या हा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही.

बडोद्यातले अकरा दिवस

आता एक वेगळं उदाहरण. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ते आधी हार्टले हॉलमध्ये राहिले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. म्हणजे काही महिन्यांत त्यांनी तीन जागा पाहिल्या आणि आपल्याला बरी वाटली ती ठेवली. विद्यार्थ्याने खोली ‘निवडणं’ म्हणतात ते हे.

आणि १९१७ साली हेच गृहस्थ उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत शिरकाव नाही. शेवटी एका पारशी सरायीत, नोंदवहीत पारशी नाव घालून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मग कामाठी बागेत बसून राहायचं आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

१९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत पहिलंच काय होतं? वसतिगृहं काढून शिक्षणाचा प्रसार करणं. आणि १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरूही झालं. पुढे १९५० साली औरंगाबादला जे कॉलेज निघालं, तेच नंतरचं मिलिंद महाविद्यालय. तिथेही वसतिगृहाचा विचार कॉलेजबरोबरच होता. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेली कित्येक दलित मुलं नागसेनवनात राहून शिकली, लिहू लागली, बोलू लागली. मराठवाड्यातल्या दलित साहित्याचा इतिहास त्या खोल्यांना वगळून सांगता येत नाही.

मुलींचं काय? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, कर्व्यांचा आश्रम हिंगण्याला गेला तो १९०० साली. मुलींच्या बाबतीत राहण्याची सोय आणि शाळा एकाच छपराखाली काढावी लागली, कारण विधवा मुलीला शिकायचं असेल तर आधी घर सोडावं लागे. आणि सोडलेलं घर तिला पुन्हा दार उघडेलच अशी खात्री नसे.

आज निवडतो म्हणजे काय?

सरकारी वसतिगृहं आली, पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था उभ्या राहिल्या. पण मुलांची संख्या वाढली आणि खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. मग शासनाने वेगळा मार्ग धरला. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खात्यावर पैसे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना आली, तेव्हा पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यातले निवासासाठी २०,०००. बाराने भागा. महिन्याला १,६६७ रुपये होतात. पुण्यात या पैशात कॉट कुठे मिळते, हे मला नको, तुमच्यातल्या मुलांनाच विचारा.

पैसे मिळाले तरी प्रश्न संपत नाही. घरमालक आडनाव विचारतो. मांसाहार करता का विचारतो. मुलगी असेल तर रात्री किती वाजता येणार विचारतो. बडोद्याच्या नोंदवहीत आणि या प्रश्नांत शंभर वर्षांचं अंतर आहे, पण धागा तोच आहे. खात्यात पैसे आले की विद्यार्थी गिऱ्हाईक होतो. वसतिगृहात खोली मिळाली की तो रहिवासी असतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं.

प्रश्नोत्तरांतून

श्रोत्यांतून एक प्रश्न आला : जातवार बोर्डिंगमुळे जात पक्की झाली, असं नाही का म्हणता येणार?

चांगला प्रश्न आहे. काही प्रमाणात झाली, हे मान्य करायला हवं. त्यातल्या काही संस्था पुढे त्या त्या जातीच्या राजकारणाचे अड्डेही बनल्या. पण तुलना कशाशी करायची? त्या काळात जात न मानणारं वसतिगृह आणि जातवार वसतिगृह असे दोन पर्याय शेजारी ठेवलेले नव्हते. पर्याय होते ते जातवार वसतिगृह किंवा गावाकडे परत जाणं. आणि जातिभेद मोडलाच पाहिजे, हे शाहू महाराज स्वतः शेवटच्या वर्षांतल्या भाषणांतून सांगत होते. साताऱ्याच्या बोर्डिंगने ते करून दाखवलं. प्रश्न शाहूंना विचारण्यापेक्षा आपल्याला विचारावा. त्यांनी जी गोष्ट तात्पुरती सोय म्हणून केली, ती शंभर वर्षांनंतरही लागावी, याचा अर्थ काय?

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता : मग आम्ही आज जागा निवडताना काय बघावं?

भाडं बघा, पाणी बघा, कॉलेजचं अंतर बघा, हे तर आहेच. पण आणखी दोन गोष्टी बघा. तिथे तुमच्यापेक्षा वेगळ्या घरांतून आलेल्या मुली आहेत का? आणि तिथून तुम्हाला काढायचं ठरवलं, तर तुमच्या बाजूने बोलायला कुणी आहे का? भाऊरावांना एका बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा त्यांना ठेवून घेणारं कुणीतरी होतं. बडोद्यात आंबेडकरांना कुणीच नव्हतं. एवढा फरक लक्षात ठेवा, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या मुलीसाठी ते ‘कुणीतरी’ तुम्ही व्हा.