मुंबईच्या सॉलिसिटर पेढ्या : वकील येत कुठून?

मागच्या खेपेला आपण मुंबईच्या बंदरातला कापूस आणि त्यावर उभी राहिलेली शेअरबाजाराची उलाढाल पाहिली. त्या उलाढालीची कागदपत्रं कुणी लिहिली, भांडणं कुणी लढवली, आणि ती माणसं वकील होण्याआधी कोण होती, हे आज बघायचं आहे.

सुरुवात आजच्या एका नियमापासून करू. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमाची ती बंदी. २००८ मध्ये त्यात थोडी सूट मिळाली. नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या बार कौन्सिलकडे नोंद आहे, शिक्षण काय झालं, कोणत्या प्रकारचं काम करतो, एवढं वकील आता स्वतःबद्दल सांगू शकतो. म्हणजे ‘पार्श्वभूमी’ याचा अधिकृत अर्थ ठरला : पदवी आणि कामाचं क्षेत्र. आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाची माणसं. एखाद्या यादीत काय आहे याच्या आधी त्यात काय नाही, तिकडे आमचं लक्ष जातं. या यादीत हे नाही की या माणसाला पहिलं काम कुणी दिलं. मुंबईच्या वकिलीचा इतिहास खरा तिथे आहे.

त्यासाठी व्यवस्था समजून घ्यावी लागेल. मुंबईचं हायकोर्ट १८६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याच्या दोन बाजू. ओरिजिनल साइड, म्हणजे मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे थेट तिथेच दाखल व्हायचे. आणि अपेलेट साइड, जिथे जिल्ह्याजिल्ह्यांतली अपिलं यायची. अपेलेट साइडला वकील थेट पक्षकाराशी बोलून काम घेऊ शकत असे. ओरिजिनल साइडला तसं नव्हतं. तिथे इंग्लंडसारखी दुहेरी पद्धत. व्यापारी आधी ॲटर्नीकडे, म्हणजे सॉलिसिटरकडे जायचा. सॉलिसिटर कागद तपासायचा, हकीकत लिहून काढायचा, आणि मग ते बांधलेलं बाड, त्याला म्हणायचं ब्रीफ, एखाद्या बॅरिस्टरकडे पाठवायचा. बॅरिस्टर कोर्टात उभा राहून बोलणार. पक्षकाराने परस्पर बॅरिस्टरला गाठायचं नाही आणि बॅरिस्टरने परस्पर पक्षकार शोधायचा नाही.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. बॅरिस्टर कितीही विद्वान असो, सॉलिसिटरच्या टेबलावरून बाड निघालं नाही तर तो लायब्ररीत बसून राहणार. आणि सॉलिसिटर कोण? क्रॉफर्ड बेली ही पेढी स्वतःची सुरुवात १८३० ला धरते, लिटल अँड कंपनी १८५६ ला. पहिल्या पेढ्या इंग्रजांच्या. मग पारशी आणि गुजराती आले : वाडिया घांदी १८८३, मुल्ला अँड मुल्ला १८९५. सॉलिसिटर व्हायला आधी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षं ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून घासावी लागत, मग परीक्षा. म्हणजे ज्याच्या घरची चूल त्याच्या कमाईवर अवलंबून नाही, आणि ज्याला कुणीतरी पेढीत घेईल, असाच तरुण या रांगेत उभा राहू शकायचा. परीक्षा सर्वांना खुली, पण उंबरठ्यावर आधी कुणीतरी ओळख द्यावी लागे.

आता माणसांकडे येऊ. तय्यबअली हे मुंबईतले व्यापारी, घराणं मूळचं खंबायतचं. त्यांनी मुलांना विलायतेला पाठवलं. कमरुद्दीन तय्यबजी १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले, पहिले भारतीय. धाकटे बद्रुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, न्यायाधीश झाले, ते आपल्याला ठाऊक असतं. पण एका घरात एक भाऊ सॉलिसिटर आणि दुसरा बॅरिस्टर, आणि वडील व्यापारी, हे आपण सहसा शेजारी शेजारी ठेवून बघत नाही. दुहेरी पद्धतीचे दोन्ही दरवाजे एकाच घरात! आणि वेळही बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे भाव कोसळले, जुलैत मुंबईचा शेअरबाजार बुडाला, दिवाळखोरी निस्तरायला सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बुडालेल्या शहरात वकिलांना काम कमी पडत नाही. बद्रुद्दीन परतले ते अशा मुंबईत.

मग मराठी माणूस कुठे होता? काशिनाथ त्र्यंबक तेलंग घ्या. आमच्या विषयाच्या लोकांना ते गीतेचे भाषांतरकार म्हणून माहीत. मॅक्समुल्लरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेतला १८८२ चा गीतेचा खंड त्यांचा. विलायतेला न जाता, इथलीच ॲडव्होकेटची परीक्षा देऊन ते १८७२ मध्ये ओरिजिनल साइडला उभे राहिले. हिंदू कायद्याच्या दाव्यांत त्यांच्या संस्कृतला मोल होतं. आता कुणी विचारेल, संस्कृतचा आणि व्यापारी दाव्यांचा काय संबंध? फार जवळचा. त्या काळातल्या कितीतरी पेढ्या एकत्र कुटुंबाच्या होत्या. बाप वारला, धाकट्या भावाने हुंडी लिहिली होती, तर ती फेडायची जबाबदारी पुतण्यावर येते का? हा प्रश्न एकाच वेळी व्यापाराचा आणि मिताक्षरेचा. त्यात खोजा आणि कच्छी मेमन व्यापारी मुसलमान, पण त्यांचा वारसा हिंदू रूढीप्रमाणे चालतो असं मुंबईच्या कोर्टाने १८४७ मध्येच ठरवलेलं. इतका गुंता असल्यावर धर्मशास्त्र मुळातून वाचणारा माणूस बाजारालाही हवाच असणार.

याच गुंत्यातून दिनशा मुल्ला तयार झाले. पारशी गृहस्थ, सॉलिसिटर पेढीचे एक संस्थापक. त्यांनी हिंदू कायद्यावर पुस्तक लिहिलं, मुसलमानी कायद्यावर लिहिलं, दिवाणी प्रक्रियेवर लिहिलं, आणि फ्रेडरिक पोलॉक यांच्याबरोबर करार कायद्यावर. आजही कोर्टात ‘मुल्ला काय म्हणतो’ असं विचारतात. १९३० मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले. आमच्या मते त्यांच्या पुस्तकांचा नेमकेपणा पेढीच्या टेबलावर घडला. समोर पैसे अडकलेला व्यापारी बसला असेल, तर त्याला तत्त्वचर्चा नको असते, उत्तर हवं असतं.

गांधीजींचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यायचं. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपये फी घेऊन उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. दलालाला कमिशन द्या म्हणजे काम येईल, असा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. शाळेत इंग्रजी शिकवायला अर्ज केला, पगार पंचाहत्तर रुपये. पदवीधर नाही म्हणून नकार! बॅरिस्टर माणूस. मग राजकोटला अर्ज लिहून देण्याचं काम, तेही भावाच्या ओळखीवर. आणि १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला कंपनीचं बोलावणं आलं, तेही घरच्या ओळखीतून. दावा चाळीस हजार पौंडांचा, मेहनताना वर्षाचा एकशे पाच पौंड. तिथे गेल्यावर कळलं की सगळं प्रकरण हिशेबाच्या वह्यांत आहे. ‘पी. नोट’ म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. प्रॉमिसरी नोट. त्यांनी जमाखर्चाचं पुस्तक विकत आणलं आणि शिकले. शेवटी दोन्ही पक्ष नात्यातले, दोघेही खर्चाने संपतील हे पाहून त्यांनी प्रकरण लवादाकडे नेलं आणि हरलेल्या तय्यब शेठना रक्कम हप्त्यांनी फेडायची सवड मिळवून दिली. विलायतेच्या ‘इन’मध्ये जे शिकवलं नव्हतं, ते व्यापाऱ्याच्या वहीने शिकवलं.

बॅरिस्टर जिनांची वाट याच्या उलट. कराचीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, १८९२ मध्ये लंडनला गेला तो ग्रॅहम्स या जहाज आणि व्यापार कंपनीत उमेदवारी करायला. ती सोडून लिंकन्स इनमध्ये शिरला. मुंबईत पहिली काही वर्षं त्यांनाही कोरडीच गेली.

इथपर्यंत ऐकून असं वाटेल की सुरुवातीची ओढगस्त सगळ्यांच्याच वाट्याला येते, मग हळूहळू गुणांची कदर होते. हा समज पक्का करण्याआधी डॉ. आंबेडकरांकडे बघितलं पाहिजे.

१९२३ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली तेव्हा त्यांची कागदावरची पार्श्वभूमी काय होती? कोलंबियात अर्थशास्त्राचा अभ्यास आणि डॉक्टरेटचा प्रबंध. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध. ग्रेज इनचे बॅरिस्टर. त्याआधी सिडनेहॅम कॉलेजात, म्हणजे व्यापारशिक्षणाच्या सरकारी कॉलेजात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. चलन, विनिमयाचा दर, सरकारी वित्त यांवर इतका अभ्यास असलेला दुसरा वकील त्या वेळी मुंबईच्या बारमध्ये आम्हाला तरी दाखवता येणार नाही. दोन वर्षांनी चलनाच्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. व्यापारी पेढीने बँकेचा, विम्याचा, हुंडणावळीचा दावा कुणाकडे पाठवावा, याचं उत्तर समोर बसलेलं होतं.

आणि ब्रीफ आले नाहीत. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर बाड पाठवीनात. पक्षकार काय म्हणेल, चेंबरमध्ये पाणी कसं प्यायचं, हे हिशेब त्या टेबलावर आधी व्हायचे. शेवटी ओरिजिनल साइड बाजूला राहिली. अपेलेट साइडला आणि मुंबईबाहेरच्या कोर्टांत, जिथे मधे सॉलिसिटरची गरज नव्हती, तिथे त्यांनी काम केलं. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरच्या बदनामीच्या खटल्यात ते जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. पुढे र. धों. कर्व्यांसाठी उभे राहिले. या खटल्यांची फी घर चालवण्याइतकी नसे.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या क्लासमध्ये अर्धवेळ शिकवत होते. विषय कोणता? मर्कंटाइल लॉ. व्यापारी कायदा! करार, हुंड्या, भागीदारी, विमा. ज्या कायद्याचं ब्रीफ त्यांना मिळत नव्हतं, तो कायदा ते मुंबईच्या भावी हिशेबनिसांना फी घेऊन शिकवत होते. ज्ञान चालत होतं, माणूस चालत नव्हता. या तीन वर्षांचा उल्लेख चरित्रांत एका ओळीत येतो आणि आपण पुढे महाडच्या सत्याग्रहाकडे जातो. तिथे थोडं थांबायला हवं.

स्त्रियांचं थोडक्यात सांगतो. १९२३ च्या कायद्याने त्यांना वकिलीचा अधिकार मिळाला. मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर. त्यांनी आपल्या पहिल्या ब्रीफची हकीकत सांगितली आहे : पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की तो हरणं कठीणच, त्याला फक्त एवढंच हवं होतं की प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी. हसू येतं, पण बाड त्या टेबलावरून निघालं तेही अशा कारणाने.

पुढे काळ बदलला. नानी पालखीवालांना इंग्रजीचा प्राध्यापक व्हायचं होतं. ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली म्हणून ते कायद्याकडे वळले, जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्ये शिरले आणि १९५० मध्ये दोघांच्या नावाने आयकराचा ग्रंथ निघाला. भुलाभाई देसाईही आधी गुजरात कॉलेजात प्राध्यापक. आम्हा मास्तर मंडळींना हे आठवून बरं वाटतं, एवढंच. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला. तरी मुंबई आणि कलकत्त्याचे ॲटर्नी त्यातून वाचले, ते १९७६ च्या दुरुस्तीने गेले. कायद्याने दुहेरी पद्धत संपली. व्यवहारात मात्र मुंबईत आजही सॉलिसिटर पेढी कागद तयार करते आणि उभा राहणारा कौन्सिल वेगळा असतो. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, स्थापना १८९४, सॉलिसिटरची परीक्षा अजून घेते, आणि ती अवघड म्हणून नावाजलेली आहे.

आजच्या मोठ्या व्यापारी पेढ्यांत बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या संस्थांतली मुलं कॅम्पसमधून येतात, कुणी सोबत कंपनी सेक्रेटरी झालेलं, कुणी सी.ए. गावाकडच्या मुलालाही प्रवेशपरीक्षेतून वाट आहे, हे खरंच मोठं आहे. पण आता आर्टिकलशिपच्या जागी इंटर्नशिप आली आहे. महिना-दोन महिने मुंबईत राहायचं, खोलीचं भाडं भरायचं, विद्यावेतन मिळालं तर मिळालं, आणि त्या महिन्यांत जो डोळ्यात भरेल त्याला नोकरीसाठी बोलावणार. लातूरच्या लॉ कॉलेजातल्या मुलीने ते दोन महिने कुणाच्या घरी काढायचे, हे आपण पेढ्यांना विचारत नाही, आणि त्यांच्या परिचयपत्रांत लिहायला तशी जागाही नाही.

श्रोत्यांपैकी कुणी आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काम केलं असेल, विशेषतः १९७७ च्या आधी, तर आपली हकीकत जरूर लिहून पाठवा. पुढच्या वेळी आपण याच टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांकडे वळू : हिशेबनीस, आणि १९४९ चा चार्टर्ड अकाउंटंट कायदा.