बाइंडिंगचे माहेर

भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. ही पातळी दाखवणारे ॲप स्विफ्टयूआयमध्ये लिहायचे, तर त्यातल्या पातळीपट्टीच्या व्ह्यूला इनिशियलायझरमधून तीन गोष्टी द्याव्या लागतील: ठिकाणाचे नाव, आत्ताची पातळी आणि इशारा कोणत्या आकड्याला द्यायचा ती मर्यादा. पहिल्या दोन नुसत्या वाचायच्या, त्यांना साधे लेट पुरते. मर्यादा मात्र वापरणारा पट्टीतच बदलणार आणि तो बदल वरच्या व्ह्यूला कळायला हवा, म्हणून ती बाइंडिंग होऊन येते. २०१९ मध्ये आलेल्या स्विफ्टयूआयचे नाते सर्रास २०१३ च्या रिॲक्टशी जोडले जाते. लेटपुरते ते मला मान्य आहे. बाइंडिंगचे माहेर मात्र, माझ्या मते, १९९६ च्या वेबऑब्जेक्ट्समध्ये आहे. ते नेक्स्टचे, आणि नेक्स्ट पुढे ॲपलने विकत घेतली.

वेबऑब्जेक्ट्समध्ये पान घडवताना मूळ घटक आतल्या घटकाचे चल आपल्या चलाशी बांधून देई. विनंतीच्या प्रत्येक टप्प्याआधी मूल्य आत जाई, टप्पा संपला की बदललेले मूल्य परत वर येई. आतल्याला वरच्याची ओळख लागत नसे. यावर दोन आक्षेप येतात. २००३ च्या कोको बाइंडिंग्ज जवळच्या नाहीत का? त्या मधल्या कंट्रोलरवर आणि मजकुरात लिहिलेल्या की-पाथवर चालत. घटक मांडतानाच त्याच्या हाती मूल्य द्यायची रीत त्यांच्यात नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: बाइंडिंग म्हणजे वाचायचे आणि लिहायचे अशी दोन फंक्शनेच, मग रिॲक्टच्या मूल्य-अधिक-कॉलबॅकपेक्षा वेगळे काय? वेगळेपण आतल्या बाजूला आहे. रिॲक्टमधल्या मुलाला वरून आलेले फंक्शन बोलवावे लागते. वेबऑब्जेक्ट्समधला घटक आपल्याच चलात मूल्य ठेवतो, स्विफ्टयूआयमधली पट्टीही तेच करते.

बांधलेले आणि न बांधलेले चल हा भेदही तिथलाच. जे बांधले नाही ते घटकाचे स्वतःचे, आणि स्विफ्टयूआयचे स्टेट नेमके तेच आहे. म्हणून मर्यादा इनिशियलायझरमध्ये स्टेटला सुरुवातीचे मूल्य म्हणून देणे घातक ठरते. व्ह्यूचे स्ट्रक्ट पुन्हा पुन्हा तयार होते, पण स्टेटची साठवण त्याच्याबाहेर, व्ह्यूच्या ओळखीशी जोडलेली असते आणि सुरुवातीचे मूल्य ती एकदाच घेते. वरच्या व्ह्यूने मर्यादा २४५.५० वरून २४५ केली, तरी पट्टी २४५.५० वरच थांबलेली राहते.