संबंध की स्वामित्व? ‘चा’ या प्रत्ययाचा विचार

मराठी व्याकरणातील षष्ठीचा प्रश्न जुना आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ सिद्ध केले, तेव्हा संस्कृतची विभक्तिव्यवस्था हाच नमुना समोर होता. पुढे शालेय कोष्टकांत ‘चा-ची-चे’ हे षष्ठीचे एकवचनी आणि ‘चे-च्या-ची’ हे अनेकवचनी प्रत्यय म्हणून रूढ झाले. या मांडणीतच घोटाळा आहे. ‘मुलांचा वाडा’ येथे धनी अनेक असून प्रत्यय ‘चा’. ‘रामाचे घोडे’ येथे धनी एक असून प्रत्यय ‘चे’. म्हणजे प्रत्ययाचे लिंगवचन ज्याचा संबंध सांगावयाचा त्या वस्तूचे आहे, धन्याचे नव्हे.

आंबेगाव तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आहुपे या गावाचे नाव घेतले तर हे सहज स्पष्ट होते. पुण्याप्रमाणेच त्याचे सामान्यरूप ‘आहुप्या-’ असे होते : आहुप्याचा घाट, आहुप्याची देवराई, आहुप्याचे रान. ‘आहुप्याच्या घाटात’ म्हणताना तर प्रत्ययालाच विकार होतो. ‘चांगला’चे ‘चांगल्या’ होते, तसेच हे आहे. विभक्तिप्रत्ययाचा हा स्वभाव नव्हे. हा विशेषणाचा स्वभाव आहे. ‘कालचा’, ‘वरचा’ या रूपांत तर धनीच नसतो. ‘दाक्षिणात्य’मधील ‘त्य’पासून ‘चा’ आला, ही दीर्घकाळ चर्चेत असलेली व्युत्पत्ती या स्वभावाशी जुळते. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (1964) मध्ये संस्कृत साच्याविषयी जी शंका उपस्थित केली, तिचे बळ अशा ठिकाणी जाणवते.

इंग्रजीची वाट निराळी. तेथे जुन्या ‘एस्’ प्रत्ययातील स्वर लोपला आणि लेखनात अपॉस्ट्रॉफी आली. अनेकवचनी धन्यापुढील तिची जागा तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. त्या रूपाला केवळ धन्याची ओळख असते. वस्तूच्या लिंगवचनाशी त्याला कर्तव्य नसते. रॉबर्ट लौथने 1762 च्या व्याकरणात या विभक्तीला स्वामित्ववाचक म्हणणे अधिक युक्त मानले. पाणिनीची दृष्टी याहून व्यापक होती. ‘षष्ठी शेषे’ म्हणजे इतर विभक्तींनी न व्यापलेला कोणताही संबंध. मराठी व्याकरणानेही षष्ठीचा अर्थ ‘संबंध’ असाच सांगितला; मालकी हा त्या संबंधाचा एक प्रकार ठरतो.

हा भेद केवळ पारिभाषिक नाही. ‘घरचे जेवण’ आणि ‘घराचे छप्पर’ यांतील फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही : सामान्यरूपाविना जोडलेला ‘चा’ आपलेपणा सांगतो, सामान्यरूपासह जोडलेला अंगांगिभाव दाखवू शकतो. आहुप्यासारख्या महादेव कोळ्यांच्या गावात देवराई ‘देवाची’ असते, म्हणजे तिच्यावर कुऱ्हाड चालत नाही. तीच ‘गावची’ही असते, आणि दप्तरात ‘वनखात्याची’ असू शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काला मान्यता दिल्यावर ‘गावची’ या शब्दाला कायद्याचेही वजन आले. एकाच प्रत्ययात श्रद्धा, वहिवाट आणि मालकी असे तीन संबंध नांदतात. त्या सर्वांना ‘स्वामित्व’ हे एकच नाव दिले, तर दप्तरातला संबंध तेवढा खरा ठरतो आणि उरलेले दोन अर्थहीन होतात. ‘शेष’ या संज्ञेचे महत्त्व इथे आहे.