बुळकांडी नाही, याचा दाखला

गोरेगावला आरे कॉलनीच्या कडेला आमच्या मामूंच्या पंधरा-वीस शेळ्या असत. शेजारी म्हशींचे तबेले. मामू चार-सहा बोकड वर्षभर जपायचे आणि बकरी ईदला विकायचे. घरचं सगळं गणित त्यावर. १९९४ साली ईद मे महिन्यात होती. तिच्या महिनाभर आधी शेळ्यांची नाकं वाहू लागली, तोंडं आतून सोलून निघाली, हगवण लागली. चार शेळ्या दगावल्या. कुणीतरी नमुना तपासायला नेला आणि काही दिवसांनी एक कागद आला. त्यावर रोगाचं नाव होतं : बुळकांडी.

ते नाव ऐकून तबेलेवाले हादरले. त्यांचंही काही चुकलं नाही. बुळकांडी म्हणजे गाई-म्हशींचा काळ. सणसणून ताप, तोंडात व्रण, दुर्गंधी जुलाब, आणि आठ-पंधरा दिवसांत दावण रिकामी. “मियाँ, बकरियाँ आज ही हटाओ,” एवढंच ते म्हणाले. मामूंनी उरलेला कळप मातीमोल विकला. ईदचा बाजार हुकला. पण एक गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत राहिले, “बेटा, शेजारच्या एका म्हशीनंसुद्धा वैरण टाकली नाही. ही कसली बुळकांडी?”

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मामूंच्या या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते पुढे वाचता वाचता सापडलं, आणि त्यासाठी बरंच मागं जावं लागलं.

या रोगाने हिंदुस्थानात इतकी जनावरं नेली, की इंग्रज सरकारने त्यासाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७१चा. १८८६ साली परळला पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं. १८८९च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. पण इतका सांसर्गिक रोग गजबजलेल्या शहरात हाताळायचा कसा? म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ असं आपल्या पुण्यात आहे. प्लेगच्या साथीसाठी १८९७ साली मुंबईत आलेले रॉबर्ट कॉख त्याच वर्षी मुक्तेश्वरलाही गेले होते. तिथेच पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन त्याची लस तयार केली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली देशव्यापी मोहीम निघाली. गावोगाव टोचणी झाली, रोग मागे हटला, पण संपेना. १९९२ साली युरोपीय समुदायाच्या मदतीने नवा प्रकल्प सुरू झाला. भारतातली शेवटची बुळकांडी १९९५ सालची.

आणि इथे खरी पंचाईत सुरू झाली, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोग आहे, हे सांगायला एक आजारी जनावर पुरतं. रोग नाही, हे सांगायचं कशाच्या बळावर? रक्तजल तपासून त्यात बुळकांडीची प्रतिपिंडं आहेत का, ते पाहता येतं. पण लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही तीच प्रतिपिंडं असतात आणि जन्मभर राहतात. लशीची कोणती, रोगाची कोणती, हे चाचणीला कळत नाही. म्हणजे आधी लस थांबवायला हवी! ज्या ढालीमागे चाळीस वर्षं उभं राहायचं, ती खाली ठेवायची आणि मग वार येतो का, हे पाहायचं. मला यातलं धाडस रणांगणावरच्या धाडसापेक्षा कमी वाटत नाही. लस टप्प्याटप्प्याने बंद झाली. पुढे रक्त घ्यायचं ते लस थांबल्यावर जन्मलेल्या जनावरांचंच. जन्माचा दाखला वासराला कुठला? तिथे दात बघायचे. आदत की दोनदाती, हे बाजारातलं शहाणपण शास्त्राच्या कामी आलं.

चाचणीचं नाव एलायझा. शहाण्णव खाचांची प्लास्टिकची ताटली असते. खाचेत रक्तजल घालायचं आणि रंग किती फुलतो ते यंत्राने मोजायचं. बुळकांडीच्या चाचणीत गंमत उलटी : प्रतिपिंडं असतील तर रंग दबतो. काही खाचा राखीव असतात, त्यात उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने घालतात. त्यांचंच उत्तर चुकलं तर अख्खी ताटली रद्द. अशी मेहनत करूनही चूक राहतेच. समजा, चाचणी शंभरात एकदाच निरोगी जनावराला दोषी ठरवते. देशात रोगच उरलेला नाही आणि तुम्ही दहा हजार जनावरं तपासलीत, तर शंभर दोषी निघतील आणि ती शंभरच्या शंभर निर्दोष असतील. रोग जितका दुर्मीळ, तितका चाचणीचा होकार संशयास्पद. हे गणित कळायला मला दोन दिवस लागले. म्हणून होकार आला की तिथे थांबायचं नसतं. पुन्हा त्या गावी जायचं, त्याच जनावराचं रक्त पुन्हा घ्यायचं, शेजारची दावण बघायची.

तपासणाऱ्यांना कोण तपासणार? त्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटना आणि व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांचा संयुक्त विभाग होता. एलायझाचे संच तोच पुरवी आणि देशोदेशींच्या प्रयोगशाळांना फक्त खुणेचे आकडे घातलेले नमुने धाडी. उत्तर व्हिएन्नाला ठाऊक, तपासणाऱ्याला नाही. अणूची माणसं बैलांच्या रक्ताची परीक्षा घेत होती!

आता मामूंच्या शेळ्या. बुळकांडीच्या विषाणूला एक सख्खा चुलत भाऊ आहे, पीपीआर. तो शेळ्या-मेंढ्यांना मारतो, लक्षणं हुबेहूब बुळकांडीची. पश्चिम आफ्रिकेत तो १९४२ साली ओळखला गेला; भारतात १९८७ साली, तामिळनाडूतल्या अरासूर गावात. त्याआधी अशा शेळ्यांच्या नावापुढे बुळकांडीच लिहिलं जाई. जेलमध्ये रेघ उमटवून पाहायची जुनी चाचणी दोघांना वेगळं काढूच शकत नव्हती. आणखी घोळ म्हणजे पीपीआरच्या कळपाशेजारची गाय आजारी न पडताही त्याची प्रतिपिंडं बाळगते. तेव्हा देश बुळकांडीमुक्त म्हणवून घ्यायचा, तर या दोन भावांना वेगवेगळं ओळखणारी एलायझा हवीच होती. ती विशिष्ट प्रतिपिंडांच्या साहाय्याने तयार झाली.

मामूंच्या शेळ्यांना पीपीआरच झाला होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण म्हशी चरत राहिल्या, ही साक्ष कागदाहून मोठी होती आणि ती कुणी नोंदवली नाही. कागद लिहिणाऱ्याने तबेल्यात एक फेरी मारली असती, तर बरं झालं असतं.

भारताला २००६ साली बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचा दाखला मिळाला. २०११च्या मे-जूनमध्ये सगळ्या जगाला मिळाला. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. मामू तोवर नव्हते. पीपीआर मात्र अजून आहे. २०३० सालापर्यंत तो संपवायचा, असं जागतिक संघटनांनी ठरवलं आहे. मामूंचा मुलगा आजही पाच-सहा शेळ्या राखतो. टोचणीची माणसं आली तेव्हा त्याने त्यांना चहा पाजला आणि विचारलं, “ही लस बंद कधी करणार?” ती माणसं गोंधळली. त्यांना वाटलं, याला लस नको आहे.