औषध आधी, उत्तर नंतर: आयबुप्रोफेनची गोष्ट

घोटा मुरगळला की मैदानावर कुणाच्या तरी बॅगेतून गोळ्यांची स्ट्रिप निघते. त्यात बऱ्याचदा आयबुप्रोफेन असतं. पण हे औषध खेळाडूंसाठी शोधलेलंच नव्हतं.

१९५३ च्या सुमारास ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमला, बूट्स कंपनीत, स्टुअर्ट अ‍ॅडम्स संधिवाताच्या रुग्णांसाठी औषध शोधू लागले. या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस घ्यावे लागायचे आणि पोटाचे हाल व्हायचे. अ‍ॅडम्स आणि रसायनतज्ज्ञ जॉन निकोल्सन यांनी शेकडो संयुगं तपासली. चाचणी साधी होती: अतिनील किरणांनी गिनीपिगच्या त्वचेवर येणारी लाली संयुगामुळे कमी होते का? आयबुप्रोफेनच्या आधीचं त्यांचं एक औषध, आयबुफेनॅक, यकृताला अपाय होतो म्हणून ब्रिटनमध्ये मागे घ्यावं लागलं. आयबुप्रोफेनच्या पेटंटसाठी १९६१ मध्ये अर्ज झाला आणि १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं.

आता गंमत बघा. तोवर ते नेमकं कसं काम करतं हे माहीतच नव्हतं! १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. या कामासाठी त्यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज आणि ठणका वाढतो, हे खरं. पण तीच जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणजे गुण आणि अपाय, दोन्हींचं मूळ एकच.

१९८३ मध्ये ब्रिटनने ते चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, ती कमी डोस आणि थोडे दिवस हे गृहीत धरून. घामाघूम होऊन तासन्‌तास धावणारं शरीर ही वेगळीच परिस्थिती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ८० किलोमीटर धावणाऱ्यांना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन किंवा प्लासिबो दिला. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याची लक्षणं आयबुप्रोफेन गटात ५२ टक्के, तर प्लासिबो गटात ३४ टक्के धावपटूंमध्ये दिसली. एकूण धावपटू ८९ च होते, त्यामुळे फरकाचा नेमका आकडा पक्का धरू नका. पण ‘ही गोळी प्लासिबोइतकीच निर्धोक आहे’ असं या चाचणीला सिद्ध करता आलं नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: धावण्याआधी किंवा दुखणं दाबून खेळत राहण्यासाठी गोळी घेऊ नका. इजा झाल्यावर कमीत कमी डोस, तोही खाल्ल्यावर आणि मोजकेच दिवस. डॉक्टरांना न विचारता प्रौढांनी दिवसात १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. स्ट्रिपवरचे घटक वाचा; सोबत डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन नको. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर. पायावर भारच देता येत नसेल तर गोळीची नाही, तपासणीची गरज आहे.

आणि संशोधनात उतरणाऱ्यांनो, ‘हे औषध सुरक्षित आहे’ असं वाक्य पेपरमध्ये दिसलं की लगेच विचारा: किती डोसला, किती दिवस आणि कोणत्या अवस्थेतल्या शरीराला?